फाटकात कोसळणारी माणसं

१

गोंदियाच्या त्या रुग्णालयात दर शनिवारी दुपारी चिरफाड चालायची. घाबरू नका, माणसाची नव्हे, संशोधनाची. आकस्मिक विभागातला कुणी तरुण डॉक्टर उभा राहून आपला अभ्यास मांडायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. चुका काढण्यात पहिला मान डॉ. जीवनलाल रहांगडाल्यांचा. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धानाची शेती होती, हलक्या धानाची कापणी सुरू होती, आता खरं तर बांधावर बसून मजूर बघायचे. पण शनिवार उजाडला की म्हातारा तिरोड्याहून गाडी पकडून हजर. घरी सांगायचा, पोरांना शिकवायला जातो. खरी गोष्ट अशी की दुसऱ्याच्या युक्तिवादात भोक सापडलं की त्याला इतका आनंद व्हायचा की त्या रात्री भात दोन घास जास्तच जायचा.

त्या शनिवारी डॉ. रविता पटले उभी होती. पोरगी हुशार, कष्टाळू आणि तोंडाची फटकळ. विषय सर्पदंशाचा.

"साप चावला की आपल्याकडे लोक आधी पाय करकचून बांधतात," ती सांगत होती. "गमछा, सुतळी, लुगड्याची किनार, जे हाताला लागेल ते. त्यानं विष थांबत नाही, उलट रक्त अडतं आणि पाय सडतो. मागच्या वर्षी आपल्या दारात येणाऱ्यांपैकी बहुतेक जण असेच बांधून यायचे. या माघापासून मी आणि ब्रदर योगराज सालेकशाकडच्या गावागावांत गेलो, बाजारात गेलो, कचारगडच्या जत्रेत मंडप टाकला. एकच सांगितलं, बांधू नका. आणि या हंगामात बांधून आलेले किती?"

पडद्यावर पुढचं चित्र आलं. त्यात रकाना रिकामाच होता.

"शून्य," रविता म्हणाली आणि टाळ्या वाजल्या. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या परिषदेत ती हेच मांडणार होती. तिथे पसंत पडलं तर तीच मोहीम, तेच फलक सगळ्या विदर्भात जाणार होते.

जीवनलालनी टाळी वाजवली नाही. त्यांचा चष्मा नाकावर घसरला, तसा तो काहीतरी आवडलं की घसरायचाच.

"पोरी, शून्य?"

"हो सर. एकही नाही."

"खर्रा खाऊ नका म्हणून किती वर्षांपासून बोर्ड लावून राहिलो आपण या जिल्ह्यात? सुटला का खर्रा?"

सगळे हसले. योगराजच्या गालात त्या घडीलाही तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, तो तेवढा हसता हसता थांबला.

"मग आजापणज्यापासूनची पाय बांधायची सवय एका हंगामात कशी सुटली? एखादा हट्टी नाही? एखादा तुझं भाषण चालू असताना झोपलेला नाही? पोरी, माणसं इतकी शहाणी झाल्याचं मी या जन्मात पाहिलं नाही."

रविताचा चेहरा लाल झाला. विभागप्रमुख डॉ. तिलक कटरे खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे सर, आकडे बनावट आहेत असं म्हणायचं का तुम्हाला?"

"मी कुठे काय म्हणतो? मी तर विचारून राहिलो."

तेवढ्यात दार ढकलून फाटकावरचा चौकीदार शालीकराम आत आला. त्याला धाप लागली होती.

"मॅडम, लवकर चला. आणखी एक पडला फाटकात."

सगळे धावले. जीवनलाल मात्र क्षणभर जागेवरच राहिले. त्यांच्या कानात एकच शब्द अडकला होता. 'आणखी' म्हणजे काय?

२

पडलेल्याचं नाव गोवर्धन. सालेकशाकडचा, धान कापताना साप चावला, मेहुण्याच्या मोटारसायकलवर बसून आला. फाटकापर्यंत बोलत होता. फाटकातून आत आला, चार पावलं चालला, पापण्या मिटल्या आणि दम अडकला.

रविताच्या हाताला मात्र तोड नव्हती. भांडखोर तोंडाची ही पोरगी रुग्णाजवळ गेली की एकदम गप्प होऊन जायची. नळी गेली, श्वासाचं यंत्र लागलं, विषावरचं औषध सुरू झालं. नाडी जाग्यावर आली तेव्हा जीवनलालना मनापासून बरं वाटलं. मग त्यांनी सवयीप्रमाणे गोवर्धनाला न्याहाळायला सुरुवात केली.

पाय बोटांपासून वर सुजून जांभळा झाला होता. गुडघ्याच्या जरा खाली ती सूज एकदम संपत होती, शेताला धुऱ्याचा बांध घालावा तशी. त्याच्या वरचं कातडं अगदी धड होतं. दुसरी गोष्ट म्हणजे माणूस थेट कापणीवरून आलेला, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, आणि डोक्याला ना खांद्याला गमछा नाही. आपल्या भागातला कापणीवाला एक वेळ विळा विसरेल, गमछा विसरणार नाही.

बाहेर बाकड्यावर त्याची बायको धुरपताबाई बसली होती, कापडी पिशवी पोटाशी घट्ट धरून. जीवनलाल तिच्याजवळ गेले. "बाई, पाणी आणून देऊ का?"

"आमी काई बांधलं नाई जी," धुरपताबाई म्हणाली.

जीवनलालनी पाण्याचं विचारलं होतं. त्यांनी पाणी आणून दिलं, नवरा वाचेल म्हणून सांगितलं आणि परत फिरले.

दाराशी तिलक कटरे वाटच बघत होते. त्यांनी आवाज खाली केला. "सर, या हंगामात असे बरेच झाले. स्वतःच्या गाडीनं येतात, धड येतात, आणि फाटकात पडतात. वाचलेत सगळे, पण थोडक्यात. आणि आज तुम्ही ते शून्य धरलं, तेव्हा माझ्याही डोक्यात गेलं. वॉर्डात कुजबुज आहेच, मॅडमचा आकडा चांगला यावा म्हणून योगराज दारातच दोऱ्या कापतो आणि नोंदच होऊ देत नाही."

"पाहिलं कोणी?"

"पाहिलं नाही. पण शून्य कसं आलं मग? मी रविताला आताच सांगितलं. सोमवारच्या बैठकीत खुलासा दे, नाहीतर पेपर मागे घे. नागपुरात कुणी पकडलं तर ती जन्मभर खोटारडी ठरेल, आणि तिच्याबरोबर आपण."

तिलक गेले आणि खांबाआडून रविता पुढे आली. सगळं ऐकलं होतं तिनं. डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता.

"सर, मी एकही आकडा बदलला नाही. माझ्या वडिलांनी शेत विकून शिकवलं मला, ते खोटं बोलायला नाही. शंका तुम्ही काढली ना? मग आता तुम्हीच शोधा."

जीवनलालना त्या पोरीची दया आली. आणि खरं सांगायचं तर आतून उकळ्याही फुटत होत्या. असं कोडं कितीतरी दिवसांत हाती लागलं नव्हतं.

३

त्यांनी रुग्णालयासमोरच्या टपरीवर बैठक मांडली. तर्री पोहे मागवले, वर आलुबोंडा सांगितला. उपाशीपोटी शंका घेतली की ती खवट होते असं त्यांचं मत होतं.

"संशोधनाची चिरफाड करताना पहिला प्रश्न काय?" त्यांनी रविताला विचारलं.

"मोजलं कसं."

"मग सांग. बांधलं होतं की नाही हे तू कसं ठरवलं?"

"आल्याबरोबर पाय बघते. आणि विचारते."

"काय विचारतेस? जशी विचारतेस तशी म्हणून दाखव."

रविताने भुवया आक्रसल्या, बोट उगारलं आणि आवाज चढवला. "काय हो, बांधलं तर नाही ना?"

पोहे देणारा टपरीवाला दचकून मागे सरला. जीवनलाल घास घेता घेता थांबले.

"तुझ्यासमोर मीही नाही म्हणालो असतो," ते म्हणाले. "बरं, कचारगडला काय झालं होतं? योगराज सांगत होता, लोक अजून नाव काढतात तुझं."

रविता ओशाळली. "एक आजोबा आले होते मंडपात. मागच्या वर्षी बांधल्यानं त्यांची बोटं गेली होती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी रागावते. माईकवरच बोलली मी. जरा जास्तच बोलली."

मग योगराज आला. आडदांड गडी, पण गावभर कुजबुज पसरल्यानं पार उतरला होता. येण्याआधी खर्रा थुंकून आला, यावरूनच काळजी किती ते कळत होतं.

"सर, आईची शपथ. एक दोरी कापली असेल तर हात झडो. मले कायले गरज? मी आलेल्या पेशंटची नाडी पाहतो, पाय पाहतो, मॅडमले हाक मारतो."

"पायावर काही दिसतं का?"

"सुजते. आणि कधी कधी एक रेघ राहते पिंडरीवर. मोज्याची राहते ना, तशी. जराशानं जाते."

"मोज्याची?"

"हाव."

"योगराज, धानाच्या बांधीत तू कधी उतरलास?"

"लहानपणापासून."

"मोजे घालून?"

योगराजचं तोंड उघडं राहिलं. रविताने हातातला चमचा खाली ठेवला. धानात उतरणारा माणूस चप्पलसुद्धा बांधावर काढून ठेवतो, मोजे त्याच्या बापानं पाहिले नसतात. मग ती रेघ कशाची?

"म्हणजे बांधतात," रविता हळूच म्हणाली. "अजूनही बांधतात."

"बांधतात. आणि तुझ्यापर्यंत येईस्तोवर ते गायब होतं. आता एवढंच शोधायचं, कोण गायब करतं आणि कुठे." जीवनलालनी तर्रीचा शेवटचा घोट घेतला. "चला, फाटकावर जाऊ."

४

शालीकराम प्लास्टिकच्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी घेऊन बसला होता. पगार जेमतेम, पण फाटक आपल्या मालकीचं आहे अशा थाटात राहायचा. डॉक्टर येताना पाहून उभा राहिला.

"तू गाड्या आत सोडत नाहीस का?" जीवनलालनी विचारलं.

"हुकूम नाई जी. मागच्या साली आत गाड्यायची एवढी गर्दी झाली का अँबुलन्सच अडकली. तवापासून अँबुलन्स मांगच्या रस्त्यानं जाते अन् बाकीच्यायनं गाडी बाहेर लावाची. पेशंट चालत नसन तं मी चाकाची खुर्ची देतो."

"अँबुलन्समधून आलेला कधी पडला का रे असा?"

योगराज मध्येच म्हणाला, "नाही सर. त्यांना तर त्या गाडीतच सलाइन, ऑक्सिजन, सगळं लागलेलं राहते. आणि मॅडमच्या अभ्यासात फक्त आपल्या गाडीनं आलेलेच घेतले."

"बरं. शालीकराम, हे जे पडले, ते आल्यावर काय काय करतात? पहिल्यापासून सांग."

"काय करनार जी. गाडी लावते. पेशंटले उतरवते. बोर्ड पाहते. मंग लघवीले जाते."

"लघवीला?"

"हाव, बोर्डाच्या मांगं. सगळेच जाते. मी तिकडे तोंड नाई करत, बायामानसं बी राहते त्यायच्यात. तिथून येते, आत जाते, अन् चार पावलं चालली का पडते."

योगराजचा चेहरा उजळला. "सर, मग तेच असेल. लघवी करून उठल्यावर काही जणांना चक्कर येतेच."

"एखाद्याला येईल," जीवनलाल म्हणाले. "पण साप चावलेला माणूस, जीव मुठीत, दवाखाना समोर. अशा वेळी प्रत्येकाला आधी लघवीच लागते? आणि ती लागली तर बायको कशाला जाते बरोबर?"

सगळ्यांच्या नजरा बोर्डाकडे वळल्या.

बोर्ड चांगला दांडगा होता, दोन माणसं आरामात लपतील एवढा. रविताने स्वतः उभी राहून रंगवून घेतला होता. डावीकडे दोरीनं आवळलेला पाय आणि त्यावर लाल फुली. उजवीकडे चष्म्यातली डॉक्टरीण, भुवया चढलेल्या, बोट उगारलेलं. पेंटरनं रविताचाच फोटो समोर ठेवून काढली होती आणि हुबेहूब काढली होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: साप चावल्यास बांधू नका.

जीवनलालनी धोतराचा सोगा सावरला आणि ते बोर्डाच्या मागे गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"सर?" रविताने हाक मारली.

"इकडे ये पोरी," आतून आवाज आला. "नाक दाबायची गरज नाही. इथे कोणीच लघवी करत नाही."

५

मागे भिंत आणि बोर्ड यांच्यामध्ये अरुंद जागा होती. जमीन कोरडी होती. आणि त्या जमिनीवर पडलं होतं ते सगळं रविता बघतच राहिली. सुतळीचे तुकडे. लुगड्याच्या फाडलेल्या किनारी. सायकलच्या ट्यूबची पट्टी. परड्यातल्या गायीचं दावं. माहुलीच्या वेलीच्या सालीचा पिळलेला दोर, जंगलात तेंदूची पानं तोडायला जाणारे लोक वळतात तसा. काही जुने, काही कालपरवाचे.

रविता खाली बसली. एक किनार उचलली, तिच्यावर गाठीचे वळ तसेच होते.

"गमछे तेवढे नाहीत," जीवनलाल म्हणाले. "गमछा कोणी फेकत नाही. तो पिशवीत जातो."

ते तिथून थेट धुरपताबाईकडे गेले. बाकड्यावर शेजारी बसले. गोवर्धन शुद्धीवर येत होता, यंत्र काढायची वेळ जवळ आली होती, हे आधी सांगितलं. मग म्हणाले, "बाई, पिशवीतला गमछा द्या आता त्याला. डोकं उघडं आहे त्याचं."

धुरपताबाईचा हात पिशवीवर घट्ट झाला. मग सैल झाला. तिनं गमछा काढला, चुरगळलेला, मधोमध पिळाच्या सुरकुत्या पडलेला.

"तुमी बोलसान तं नाई ना जी?"

"मी कायले बोलू?"

"तुमची डॉक्टरीण लय बोलते म्हनते. बांधून आला तं सुईच नाई देत म्हनते. आमच्या गावात सारेच सांगते. जीव रायला नाई म्हून शेतातच बांधलं आमी, अन् अथी आल्यावर बोर्डावर तिचं थोबाड पायलं. ह्यायनंच म्हनलं, सोड लवकर, नाईतं सुई भेटत नाई."

रविता दारात उभी होती. धुरपताबाईनं तिला पाहिलं आणि गमछा पटकन पदराखाली घेतला. त्या एका हालचालीनं रविताला जे लागलं, ते तिलक कटऱ्यांच्या आरोपानं लागलं नव्हतं.

६

सोमवारच्या बैठकीला तिलक कटरे लवकर येऊन बसले होते. योगराज कोपऱ्यात होता. रविता समोर, मान खाली. जीवनलालना फळ्याजवळ उभं राहायला मिळालं होतं, तेव्हा ते खुशीत होते, पण चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न करत होते.

"तिलक, तुझा संशय योगराजवर. कारण शून्य आकडा माणसानं केल्याशिवाय होत नाही. तिथवर तू बरोबर आहेस. पण योगराज जर दारात दोऱ्या कापत असता, तर त्यानंच मला ती मोज्याची रेघ सांगितली नसती. चोर आपलं पाऊल दाखवत नाही."

योगराजनं पहिल्यांदा मान वर केली.

"आता दुसरी गोष्ट. सालेकशाहून इथवर यायला वेळ लागतो. रेल्वेचं फाटक लागतं, खड्डे लागतात. एवढ्या वाटेत एकही माणूस पडत नाही. सगळे पडतात ते आपल्याच फाटकात. विषाला आपला पत्ता कोणी दिला? याचा अर्थ फाटकात काहीतरी घडतं. तिथे रुग्ण थांबतो, कारण गाडी आत जात नाही. थांबल्यावर बोर्ड दिसतो. बोर्डावर फुली मारलेला दोर आणि रागावलेली डॉक्टरीण. गावात आधीच उठलंय की बांधलेल्याला सुई मिळत नाही. मग तो काय करील? बोर्डाच्याच आडोशाला जाऊन दोर सोडील. आणि घट्ट बांधलेला दोर इतक्या वेळानं एकदम सोडला की काय होतं, हे मी तुम्हाला सांगू?"

तिलकनी कपाळाला हात लावला. "अडलेलं विष एका दमात वर जातं."

"म्हणून तर आपण आत काय करतो? आधी सलाइन, आधी औषध, श्वासाची नळी हाताशी, मग हळूहळू सैल. तेच काम ही माणसं उन्हात, उभ्यानं, एका झटक्यात करत होती. सूज एका रेघेवर थांबलेली मी गोवर्धनाच्या पायावर पाहिली तेव्हाच मला कळायला हवं होतं. विषाला धुरा कळत नाही, दोर कळतो."

"मग गुन्हेगार कोण?" योगराजनं विचारलं. त्याला नाव ऐकायचंच होतं.

जीवनलाल घुटमळले. एवढी खटपट करून आलेला हा क्षण त्यांना आवडायला हवा होता, पण समोरची पोरगी बघून आवडेना. रविताच उठली.

"मी," ती म्हणाली. "मोहीम मी केली, बोर्ड मी लावला, रागावली मी. लोकांनी बांधणं नाही सोडलं. मला सांगणं सोडलं."

तिलक खाकरले. त्यांना आपल्या शनिवारच्या बोलण्याची लाज वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही. आधी ते योगराजकडे वळले. "तुझ्यावर उगाच आळ घेतला, योगराज. माफ कर." मग रविताला म्हणाले, "तू खोटं केलं नाहीस, हे सिद्ध झालं. पेपर मागे घे, तब्येतीचं कारण दे, कोणी विचारणार नाही."

"मागे नाही घेत सर," रविता म्हणाली. "बदलून मांडते."

"फसलेली मोहीम मांडशील? नागपुरात? सोलून काढतील तुला."

"काढू द्या. सवय आहे मला, दर शनिवारी रहांगडाले सर असतातच."

जीवनलालचा चष्मा घसरला. तो त्यांनी वर केला नाही.

७

नागपूरला जायला जीवनलालनी कोणाला विचारलं नाही. तिकीट काढलं आणि रविताच्या शेजारी जाऊन बसले.

सभागृह मोठं होतं. तिच्या आधी तिघांनी आपापलं यश मांडलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. रविताने पहिल्या चित्रात तेच शून्य दाखवलं आणि सांगितलं, हा आकडा खोटा आहे, कोणी खोटा केला नाही तरी खोटा आहे. मग बोर्डाचा फोटो दाखवला, पुढून आणि मागून. मागच्या फोटोवर कुजबुज झाली. फाटकात कोसळलेल्यांबद्दल तिने काही लपवलं नाही. आपण प्रश्न कसा विचारत होतो तेही सांगितलं. फक्त बोट उगारून दाखवलं नाही.

चर्चेत पहिल्या रांगेतले एक बडे प्राध्यापक उठले. "डॉक्टर, तुमची मोहीम फसली. तुमची मोजणीही फसली. मग यातून आम्ही काय घ्यायचं?"

जीवनलाल खुर्चीत पुढे सरकले. हाच प्रश्न त्यांनीही विचारला असता, आणि याहून वाईट शब्दांत.

रविता म्हणाली, "सर, दोन गोष्टी. फलकावर पुढे हेही लिहा की बांधलं असेल तर सोडू नका, आम्ही सोडू. आणि जिथे जिथे असे फलक लावलेत, तिथे मागे जाऊन बघा. मला उशीर झाला."

प्राध्यापक बसले. मग मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टर उभा राहिला, कुठल्याशा जंगलपट्टीतल्या दवाखान्याचा. "मॅडम, आमच्याकडेही दारातच पडतात. आम्ही समजत होतो भीतीनं." त्याच्यानंतर आणखी एक हात वर झाला. मग आणखी. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली, ती कोणी ऐकली नाही. जेवणाच्या सुट्टीत लोक रविताभोवती उभेच होते आणि तिचा भात गार झाला. जीवनलालनी मात्र आपला खाल्ला, शिवाय वर जिलबी घेतली, आणि दुसऱ्या ताटात तिच्यासाठी वाढून ठेवली. इतकं समाधान त्यांना स्वतःच्या एकाही पेपरनं दिलं नव्हतं.

दिवाळी झाली. गावोगाव मंडईच्या जत्रा सुरू झाल्या. फाटकावरचा बोर्ड नवा झाला, त्यावर आता हसरी नर्स होती आणि तिच्या हातात रुग्णाचा बांधलेला पाय. गाड्या आत सोडायचा हुकूम शालीकरामला मिळाला, तो त्यानं नाराजीनं पाळला. रविता आणि योगराज पुन्हा त्याच गावांत जाऊन आले. या वेळी माईक घेतला नाही, ओसऱ्यांवर बसून चहा प्यायले.

एका शनिवारी दुपारी चिरफाड अजून सुरू व्हायची होती. रविता साध्या साडीत होती, मंडईहून परस्पर आलेली, गळ्यात स्टेथोस्कोप नाही, अंगात कोट नाही. जीवनलाल तिच्याबरोबर फाटकातून आत येत होते. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली आणि थेट दरवाजाशी थांबली. मध्ये एक बाई बसली होती, पाऊल सुजलेलं. तिच्यामागे तिची सासू. म्हातारीनं सुनेच्या पोटरीवरचा दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, गाडीवरून उतरतानाही सोडला नाही.

रविता धावली. खाली बसून तिने दोराला हात लावला.

म्हातारीनं तिचा हात झटकला. "नको सोडू वं. तू कोन?"

"आजी, मी बघते फक्त."

"कोनाले हात लावू देनार नाई मी. अथं एक डॉक्टरीण हाय, तिलेच येऊ दे. आमच्या ओसरीवर बसून गेली ते, माह्या नातीनं सांगतलं. बांधलं तरी बोलत नाई ते, लय मायेची हाय."

योगराज हसू दाबत चाकाची खुर्ची घेऊन आला. काही सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर रविताने मानेनं नको म्हटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि या वेळी तिला राग आला नव्हता.

"बरोबर आहे आजी," ती म्हणाली. "ती येईपर्यंत असंच घट्ट धरून ठेवा. चला, आपण तिच्याकडे जाऊ."